शाळेआधीची सकाळ: एक अलक्षित इतिहास

1

शिक्षणाचा इतिहास लिहिताना आपण शाळा भरल्यापासून सुरुवात करतो. वर्ग, पुस्तके, परीक्षा, माध्यम, अनुदान हे सारे घंटा झाल्यानंतरचे विषय होत. मूल अंथरुणातून उठते आणि वर्गात येऊन बसते, या दोहोंमधल्या तास-दीड तासाला आपल्या इतिहासात जागा नाही. त्याची चर्चा झालीच तर ती पालकांसाठी लिहिलेल्या सल्ल्यांच्या सदरांत होते: दप्तर रात्रीच भरून ठेवावे, मुलाला वेळेवर झोपवावे, सकाळी त्याच्यावर ओरडू नये. सल्ले चुकीचे नाहीत. परंतु ते ज्या आईला उद्देशून दिलेले असतात ती आई सकाळी घरात असते, तिच्या हाताशी पाणी आणि इंधन असते आणि तिला स्वतःला दहापर्यंत कोठे पोहोचावयाचे नसते, असे गृहीत धरलेले असते. हे गृहीतक किती जणींना लागू पडते हा प्रश्न विचारला, की लहान मुलाची शांत सकाळ ही बाब घरगुती शिस्तीतून उचलून सामाजिक इतिहासात ठेवावी लागते. प्रस्तुत लेखात तसा प्रयत्न केला आहे. त्यासाठी परभणी जिल्हा डोळ्यांसमोर ठेवला आहे.

परभणीची निवड निष्कारण नाही. ज्या जनाबाईने पहाटेच्या दळणकांडणाला मराठी कवितेत कायमचे स्थान दिले, ती परंपरेनुसार याच जिल्ह्यातल्या गंगाखेडची. मराठी वाङ्मयातली पहाट दोन प्रकारची आहे. एक देवाची. भूपाळीत देवाला हळुवार उठवितात. त्याला घाई नसते, त्याच्या दारी भक्त ताटकळत असतात, आणि उठविणाऱ्याचा स्वर बहुधा आईचा असतो. दुसरी पहाट बाईची. तिच्यात जाते असते, अंधार असतो, आणि कष्टाला सोबत म्हणून ओवी असते. गाय प्वातवॅं आणि हेमा राईरकर यांनी खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या ओव्यांचा जो प्रचंड संग्रह केला, त्यात लेकराचे प्रेम ठायी ठायी आहे. पण त्या पहाटेत मूल झोपलेले असते, आईच्या मांडीवर किंवा जात्याच्या घरघरीत. त्याला कोणत्या ठोक्याला कोठे पोहोचावयाचे आहे, ही चिंता त्या पहाटेला नाही. ती शाळेने आणली.

2

कशी आणली, याचा एक जुना आणि विश्वसनीय पुरावा मराठवाड्याच्या दक्षिणेस, निजामाच्या राज्याला लागून असलेल्या बल्लारी जिल्ह्यातून मिळतो. तेथील कलेक्टर ए. डी. कॅंपबेल याने 17 ऑगस्ट 1823 रोजी मद्रास सरकारला देशी शाळांविषयी अहवाल पाठविला. त्याच्या गणतीप्रमाणे जिल्ह्यात 533 शाळा होत्या. त्यांत 235 कानडी, 226 तेलुगू आणि 23 मराठी. या शाळांची सकाळ त्याने बारकाईने वर्णिली आहे. शाळा साधारणतः सहाला सुरू होई. जो विद्यार्थी सर्वांत आधी येई त्याच्या तळहातावर मानचिन्ह म्हणून सरस्वतीचे नाव लिहीत. दुसऱ्याच्या हातावर शून्य: ना स्तुती, ना निंदा. तिसऱ्याला छडीचा एक हलका फटका, चौथ्याला दोन, आणि पुढे येणाऱ्या प्रत्येकाला एकेक अधिक.

या पद्धतीचा नीट विचार केला पाहिजे. येथे उशिराची व्याख्या घड्याळाने होत नाही. ती दुसऱ्या मुलाने होते. सहाला आलेला मुलगादेखील, त्याच्याआधी तिघे पोहोचले असतील तर, दोन फटक्यांचा धनी ठरतो. म्हणजे सर्वांनी कितीही लवकर उठायचे ठरविले तरी बहुतेकांना मार चुकत नाही. शांतपणे, आपल्या गतीने, वेळेत पोहोचण्याची शक्यताच या रचनेत नाही. तिच्यात एक सरस्वती आहे, एक शून्य आहे, बाकी सारे अपराधी. शिवाय हा अपराध मुलाच्या आळसाचा की घरच्या अडचणीचा, हे विचारण्याची सोयही नाही. ज्याच्या घरी गुरे सोडावयाची आहेत, पाणी भरावयाचे आहे, तो रोज दहावा किंवा विसावा येणार.

देशी शाळांचे सारेच वाईट होते असे येथे सुचवायचे नाही. त्याच अहवालात वरच्या विद्यार्थ्याने खालच्याला शिकविण्याच्या पद्धतीची कॅंपबेलने प्रशंसा केली आहे, आणि मद्रासकडची ही रीत पुढे इंग्लंडमध्येही गेली. पण सकाळच्या संदर्भात पाहता भूपाळीच्या संस्कृतीने मुलाला भूपाळी दिली नाही, एवढे मान्य करणे भाग आहे. देवाला हळुवार उठविणाऱ्या समाजाने मुलाला धाकाने उठविले.

3

घड्याळाने यात एक न्याय आणला. ठरलेल्या वेळेपूर्वी येणारे सगळेच निर्दोष ठरू लागले. पण घड्याळ हेही निष्पक्ष यंत्र नव्हते. परभणीत नवी वेळ आली ती मुख्यतः रेल्वेच्या रुळांवरून. मनमाड ते सिकंदराबाद हा हैदराबाद-गोदावरी खोऱ्याचा मार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाला आणि परभणी त्यावरचे एक ठाणे झाले. 1 जानेवारी 1906 पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईकरांनी ती सुखासुखी स्वीकारली नाही. मुंबईची स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या 39 मिनिटे मागे होती आणि शहरात ती पुढे कित्येक दशके चालू राहिली. तो वाद राष्ट्रीय अस्मितेचा म्हणून सांगितला जातो. त्यात आणखी एक साधी गोष्ट होती: घड्याळ पुढे गेले की अंधारात उठावे लागते.

परभणी 77 रेखांशाच्या किंचित पश्चिमेस आहे. त्यामुळे तेथील सूर्य प्रमाणवेळेच्या सुमारे 23 मिनिटे मागे असतो. जानेवारीच्या मध्यावर परभणीत सूर्योदय सातच्या सुमारास होतो. सातला भरणाऱ्या शाळेत जाणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाला, वस्ती थोडी दूर असेल तर, रात्र संपण्यापूर्वीच उठावे लागणार. मराठवाड्याचे हवामान समुद्रापासून दूरचे, टोकाचे आहे. परभणीचा पारा काही हिवाळ्यांत पाच अंशांखाली गेलेला आहे आणि एप्रिल-मे महिन्यांत तोच चाळिशी ओलांडतो. म्हणून येथे शाळेची वेळ नेहमीच दोन ऋतूंमध्ये ओढली गेली आहे: हिवाळा सांगतो की उशिरा भरवा, उन्हाळा सांगतो की लवकर सोडा. उन्हाळ्यात 'सकाळची शाळा' ही त्यातूनच रूढ झालेली तडजोड. लहान मुलाच्या झोपेचा विचार तिच्यात नव्हता. पत्र्याखाली दुपारी बसवत नाही, एवढाच विचार होता, आणि तोही खोटा नव्हता.

4

मुलाच्या सकाळीकडे शिक्षणाचाच एक भाग म्हणून पाहण्याची दृष्टी विसाव्या शतकातली आहे. मारिया मॉंटेसरी यांनी 6 जानेवारी 1907 रोजी रोमच्या सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले. आपल्या पद्धतीवरील ग्रंथात त्यांनी दिवसाचा जो आराखडा दिला, त्याची सुरुवात सकाळी नवाला होते, आणि पहिला संपूर्ण तास आगमनासाठी राखलेला आहे: नमस्कार, स्वच्छतेची पाहणी, एकमेकांना कपडे घालण्यास मदत, खोली आवरणे, काल काय घडले याच्या गप्पा. घर आणि शाळा यांच्यामध्ये एक उंबरठा असतो आणि तो ओलांडायला मुलाला वेळ लागतो, ही जाण त्या तासामागे आहे. कॅंपबेलने पाहिलेल्या शाळेत दारात छडी होती. येथे दारात ओळख आहे.

ही दृष्टी आपल्याकडे आली ती भावनगरमार्गे. गिजुभाई बधेका यांनी दक्षिणामूर्ती संस्थेत 1920 मध्ये बालमंदिर सुरू केले. पुढे ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या आणि 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. साहित्याच्या वाचकाने गिजुभाईंचे 'दिवास्वप्न' या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. त्यातला प्रयोगशील शिक्षक पहिल्याच दिवशी चौथीच्या वर्गात मॉंटेसरीचा शांततेचा खेळ घेऊ पाहतो आणि साफ फसतो. मुले गप्प बसण्याऐवजी धुमाकूळ घालतात. मग तो गोष्ट सांगू लागतो, आणि जी शांतता हुकुमाने आली नाही ती गोष्टीने येते. पुस्तकी पद्धत आपल्या मातीत उतरताना काय होते याची ही मार्मिक कबुली आहे. शांतता हे साधन म्हणून मुलावर लादता येत नाही. काहीतरी हवेसे वाटले म्हणजे ती फळासारखी मागाहून येते.

परंतु बालमंदिर आणि त्यानंतर ताराबाईंनी दादरला चालविलेले शिशुविहार हे मुख्यतः मध्यमवर्गीय मुलांचे होते. ही मुले न्हाऊन, खाऊन, विंचरून येत. ज्या मुलाच्या घरी सकाळच नसते त्याचे काय, हा प्रश्न ताराबाईंना 1945 च्या अखेरीस तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी येथे घेऊन गेला. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. ग्राम बाल शिक्षा केंद्राची बालवाडी सुरू झाली, आणि लवकरच ध्यानात आले की ज्यांच्यासाठी ती काढली ती दलित वस्तीतली मुले तिथवर येत नाहीत. आईबाप पहाटेच कामाला गेलेले. मुलाला उठवून, धुऊन, कपडे घालून पाठवायला मागे कोणी नाही. असलीच तर सात-आठ वर्षांची बहीण, जिच्या कडेवर आणखी एक मूल.

येथे ताराबाईंनी जे केले ते मराठी शिक्षणविचारातील एक मोठे पाऊल आहे. मूल शाळेत येत नाही म्हणून पालकांना उपदेश करण्याऐवजी त्यांनी शाळा वस्तीच्या अंगणात नेली. अंगणवाडी या शब्दाचा जन्म असा आहे. शिक्षिका घरोघर जाऊन मुलांना बोलावीत. आंघोळ, नखे काढणे, केस विंचरणे ही कामे शाळेच्या पूर्वतयारीतून निघून शाळेच्या कार्यक्रमात आली. शंखशिंपले, बिया, पाने, दगड हे शिक्षणसाहित्य झाले. पुढे 1957 च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या परिसरात गेले. तेथे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. आणि विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणण्यात आली. या शेवटच्या रचनेचे मर्म असे की धाकट्या भावंडाला सांभाळणारी बहीण त्याला घेऊनच शाळेत येऊ शकली. एका मुलाची सकाळ शांत करण्यासाठी दुसऱ्या मुलीची सकाळ खर्ची पडते, हे कोसबाडने ओळखले होते.

अनुताईंच्या 'कोसबाडच्या टेकडीवरून' या आत्मकथनाचा अभ्यास आपल्या विद्यापीठांत स्त्रीआत्मचरित्र म्हणून होतो. तो तसा व्हावाच. पण विंचरणे आणि धुणे यांना ज्ञानव्यवहाराच्या बरोबरीने बसविणाऱ्या एका शिक्षणसिद्धान्ताची पार्श्वभूमी म्हणूनही ते वाचले पाहिजे. ज्या समाजात मुलाच्या अंगाला हात लावणे हा जातीचा प्रश्न होता, तेथे दलित मुलाचे केस शिक्षिकेने स्वतः विंचरणे ही निव्वळ आरोग्याची बाब नव्हती.

5

2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना 33 प्रकल्पांत सुरू केली. बोर्डीचा शब्द देशभर गेला. आज हिंदीभाषक गावातही अंगणवाडी म्हणतात. शब्द गेला, त्याबरोबर बोर्डीची एक रीतही सरकारी कागदावर टिकून राहिली: लहान मुलांना घरून केंद्रावर आणणे आणि त्यांची स्वच्छता पाहणे हे मदतनिसाचे काम मानले गेले. परभणीच्या खेड्यात सकाळी मदतनीस गल्लीतून हाका मारीत जाते, एकाचा हात धरते, दुसऱ्याला कडेवर घेते, तेव्हा 1945 ची बोर्डीच पुढे चालत असते.

मराठवाड्याला या रीतीची गरज अधिक होती. हा प्रदेश 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. माध्यमिक शिक्षण उर्दूतून, शाळा थोड्या, आणि खेड्यातल्या बहुसंख्य घरांतून शाळेत गेलेली पहिली पिढी स्वातंत्र्यानंतरची. ज्या घरात शाळेची सकाळ पूर्वी कोणी अनुभवलीच नाही, तेथे तिची सवय वारशाने मिळत नाही. डबा, दप्तर, गणवेश, वेळ या गोष्टी मध्यमवर्गीय घरात तीन पिढ्यांनी अंगवळणी पाडलेल्या असतात. इतरत्र त्या एकाच पिढीने, मजुरीच्या धबडग्यात, नव्याने रचाव्या लागतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतला परिपाठ या दृष्टीने पाहावा. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बोधकथा यांची आपण थट्टा करतो. पण धावपळीत आलेल्या मुलासाठी तोच मॉंटेसरीचा उंबरठा आहे. चांगल्या शिक्षकाच्या हाती परिपाठ ही उतरण्याची जागा होते. वाईटाच्या हाती उशिरा आलेल्यांना बाहेर उभे करण्याची.

6

डिसेंबर 2023 च्या पहिल्या आठवड्यात महाराष्ट्रात दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी घडल्या. तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप पूर्ण होत नाही, शाळांच्या वेळा बदलाव्यात, अशी सूचना केली. आणि राज्यातील अंगणवाडी सेविका व मदतनीस मानधनवाढ व इतर मागण्यांसाठी बेमुदत संपावर गेल्या. पहिल्या गोष्टीची दखल तत्परतेने घेतली गेली: 8 फेब्रुवारी 2024 च्या शासन निर्णयाने पूर्व प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत असे ठरले. दुसरी गोष्ट जानेवारीच्या अखेरीपर्यंत रेंगाळली. या योगायोगात आपल्या विषयाचे सारे ताण आले आहेत. मुलाच्या सकाळीसाठी आपण घड्याळाचा काटा हलवायला तयार असतो. त्या सकाळी मुलाचा हात धरणाऱ्या बाईचे मोल वाढवायला आपल्याला वेळ लागतो.

नवाचा निर्णय चांगला आहे, हे निःसंदिग्धपणे म्हटले पाहिजे. लहान मुलांना अधिक झोप लागते, आणि झोपमोड झालेले मूल चिडचिडे व अवधानहीन होते, यात वाद नाही. शहरांतील दोन पाळ्यांच्या शाळांनी जागेच्या आणि वाहनांच्या अडचणी पुढे केल्या. त्या खऱ्या असल्या तरी मुलाच्या झोपेहून मोठ्या नाहीत. पण ज्या मुलाला नजरेसमोर ठेवून हा निर्णय झाला ते रात्री दूरदर्शनसंच किंवा मोबाइल पाहत जागणारे आणि सहाला शाळेच्या गाडीसाठी उठविले जाणारे मूल आहे. परभणीच्या खेड्यात जिल्हा परिषदेची शाळा बहुधा आधीपासूनच त्यानंतर भरते. तेथला प्रश्न वेगळा आहे. कापूस वेचणीच्या किंवा खुरपणीच्या दिवसांत आई सकाळी लवकर शेतात जाते. ती गेल्यापासून शाळा भरेपर्यंतचा वेळ मुलाचा, आजीचा नाही तर कुणाचाच नाही. तेथे मूल पुरेसे झोपते. ते एकटे उठते.

आणि ज्यांना आजीदेखील नाही त्यांची सकाळ आणखी दूर आहे. गंगाखेड, सोनपेठ या भागांतून दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. मुकादमाची उचल घेतलेली असते; नवराबायकोचा मिळून एक कोयता धरला जातो. तळावरच्या कोपीत बाई अपरात्री उठून भाकरी थापते आणि उजाडण्याआधी फडात असते. मूल बरोबर नेले तर तेही त्या वेळी उठते. गावी ठेवले तर हंगामी वसतिगृहाच्या आधाराने राहते. हे वसतिगृह म्हणजे कागदावर जेवणाची आणि निवासाची सोय. प्रत्यक्षात तो शाळेने सांभाळलेला, आईवाचूनच्या पाच महिन्यांच्या सकाळींचा हिशेब आहे. तो कोठे मायेने ठेवला जातो, कोठे फक्त पटावर. मुलाने कोणत्या वेळी शाळेत यावे यापेक्षा तेथे त्याला कोणी उठवावे, हा प्रश्न आधीचा आहे.

7

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. लहान मुलाच्या सकाळीसाठी आपण आजवर तीन उपाय केले: धाक, घड्याळ आणि सोबत. पहिला आपण सोडला, निदान कायद्याने. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षेस मनाई केली. दुसरा आपण वारंवार दुरुस्त करतो आणि ते आवश्यकच आहे. तिसरा बोर्डीला सापडला. तो सर्वांत परिणामकारक होता, आणि त्याला माणूस लागतो म्हणून तोच सर्वांत दुर्लक्षित राहिला. हंगामाच्या महिन्यांत अंगणवाडी आणि शाळा थोडी आधी उघडावी, मुलांनी तेथेच तोंड धुवावे, काही खावे, गोष्ट ऐकावी, आणि हे करणाऱ्या बाईला त्या वेळेचे पूर्ण वेतन मिळावे, एवढी साधी मागणी ताराबाईंच्या कामातून आजही निघते. पुढे शिकवणे नऊला सुरू होवो की दहाला.

साहित्याच्या अभ्यासकांचा यात काय संबंध, असे विचारले जाईल. संबंध असा की सकाळीची आपली भाषा आपण साहित्यातून घेतली आहे. भूपाळीने देवाची सकाळ सांगितली, ओवीने बाईची. मुलाची सकाळ अजून नीट लिहिली गेलेली नाही. आणि जे लिहिले गेले नाही ते धोरणात 'पालकांनी काळजी घ्यावी' अशा एका वाक्यात संपते. जनाबाईच्या दळणाला साक्षात विठ्ठल हातभार लावतो, अशी आपली श्रद्धा आहे. त्या कल्पनेतले सत्य असे की पहाटेचे काम एकटीचे नसावे, हे जनाबाईला ठाऊक होते. तिच्याच जिल्ह्यातल्या मुलाची सकाळ एकट्या आईवर टाकून मोकळे होताना, निदान आपण तरी ते विसरू नये.